नेपाळचं संविधान फेकू नका, पण ते पास कसं झालं तेही विसरू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात भ्रष्टाचार आणि सोशल मीडिया बंदीविरुद्ध जे आंदोलन झालं त्यानंतर तुमच्या वाचकांच्या पत्रांत नेपाळच्या संविधानावर बरंच काही येतंय आणि मी ते सगळं वाचतोय. काहीजण म्हणतात दहा वर्षांत सरकारांवर सरकारं पडली, शेवटी संसदेला आग लागली, म्हणजे संविधानच फेल गेलं, ते रद्द करा आणि नवीन लिहा, एकदोघांनी तर राजाला परत आणा असंही लिहिलंय. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की २०१५ ला ५०७ विरुद्ध २५ मतांनी पास झालेलं संविधान आहे हे, एवढं बहुमत कुठे मिळतं, मूठभर मधेशी, म्हणजे भारताला लागून असलेल्या तराईतल्या सपाटीच्या, पुढाऱ्यांनी आणि दिल्लीने मिळून त्याला अपशकुन केला. मला दोन्ही पटत नाही आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितोय, पत्र लांबेल, जागा नसेल तर कापा पण मधेश आणि थारूंचा भाग कापू नका एवढी विनंती.

मी देवगडचा आंबा बागायतदार. आमच्याकडे बागेची राखण, फवारणी, काढणी ही कामं कित्येक वर्षं नेपाळहून येणारी माणसं करतात, रत्नागिरीपासून खाली सगळीकडे हेच आहे. माझ्या मांगरात, म्हणजे बागेतल्या घरात, जो राहतो तो पश्चिम तराईतल्या कैलाली जिल्ह्यातला, थारू समाजाचा. दिवाळीनंतर येतो, पावसाच्या आधी जातो. त्याच्यामुळे मी नेपाळच्या राजकारणाचं वाचायला लागलो, नाहीतर मलाही काठमांडू आणि पशुपतिनाथ यापलीकडे काही माहीत नव्हतं.

पहिली गोष्ट, त्या ५०७ च्या आकड्याची. १६ सप्टेंबर २०१५ ला संविधान सभेत मतदान झालं तेव्हा ५९८ सभासद होते. ५०७ बाजूने, २५ विरोधात. पण ते २५ कोण होते हे कुणी लिहीत नाही. ते प्रामुख्याने कमल थापांच्या राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी नेपाळचे लोक होते, ज्यांना हिंदू राष्ट्र हवं होतं आणि धर्मनिरपेक्षता नको होती. म्हणजे विरोधात पडलेली मतं ही मधेशची नव्हतीच. मधेशी पक्षांचे बहुतेक सभासद हॉलमध्ये आलेच नाहीत, त्यांनी बहिष्कार टाकला होता. त्यामुळे मतांचा तक्ता बघितला तर त्यात तराईचा विरोध दिसतच नाही, तो त्या दिवशी रस्त्यावर होता, कर्फ्यूत होता. ज्या वादात महिनाभर माणसं मरत होती तो वाद मोजणीतच आला नाही आणि आपण मात्र मोजणीचा आकडा पुढे करून वाद नव्हताच म्हणतो.

हे इथपर्यंत आलं कसं ते थोडं मागून सांगायला लागेल. १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध चाललं, सुमारे १७ हजार माणसं गेली. मग शांतता करार झाला आणि जानेवारी २००७ मध्ये अंतरिम संविधान आलं. त्या अंतरिम संविधानात संघराज्याची गोष्टच नव्हती. मधेशात लोक पेटले, काठमांडूत मैतीघरला त्याच्या प्रती जाळल्या, तराईतल्या लहान नावाच्या गावी गोळीबारात एक पोरगा गेला आणि सगळी तराई बंद पडली. पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइरालांना देशाला उद्देशून दोनदा बोलावं लागलं आणि काही आठवड्यांतच दुरुस्ती करून संघराज्य आणि लोकसंख्येप्रमाणे मतदारसंघ हे मान्य करावं लागलं. म्हणजे नेपाळ आज संघराज्य आहे ते प्रामुख्याने मधेशने रस्त्यावर उतरून मागितलं म्हणून, आणि आठ वर्षांनी जेव्हा त्याच संघराज्याचं संविधान पास झालं तेव्हा मागणारेच बाहेर. मला तरी या सगळ्या कहाणीतली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते.

ज्यांना तराई म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उत्तर प्रदेश आणि बिहारला लागून असलेला सपाट पट्टा. जमीन देशाच्या साधारण १७ टक्के पण लोकसंख्या जवळजवळ निम्मी. मैथिली, भोजपुरी, अवधी, थारू बोलणारे लोक. तिथे डोंगरातून उतरलेले लोकही खूप आहेत त्यामुळे सगळी तराई मधेशी असं नाही. पण मूळच्या मधेशी माणसाला काठमांडूत अजूनही तू नक्की नेपाळीच ना असं विचारलं जातं, लष्करात आणि सरकारी नोकरीत तो फार कमी. थारू स्वतःला मधेशीही म्हणवून घेत नाहीत, ते तिथले मूळचे, आणि त्यांच्यातली कमैया म्हणून पिढ्यानपिढ्या वेठबिगारी करणारी कुटुंबं सन २००० मध्ये कागदावर मुक्त झाली. अशा लोकांना प्रांत कुठला मिळणार, त्यात आपण किती असणार, हा प्रश्न जगण्यामरण्याचा वाटला तर त्यात नवल काय.

२००८ ला पहिली संविधान सभा निवडून आली. ६०१ सभासद, त्यात १९७ बायका, दलित, जनजाती, मधेशी सगळे. आपल्या घटना समितीत २९९ मध्ये १५ बायका होत्या आणि ती समिती सगळ्या प्रौढांनी मत देऊन निवडलेली नव्हती, प्रांतांच्या विधिमंडळांतून आली होती, मतदानाचा हक्कच तेव्हा मोजक्यांना होता. तेव्हा नेपाळला कमी लेखू नका, त्यांनी सुरुवात आपल्यापेक्षा मोठ्या दाराने केली होती. राजेशाही त्यांनी पहिल्याच बैठकीत संपवली. पण प्रांत किती, सीमा कुठे, नावं काय, ओळखीच्या आधारावर करायचे की आर्थिक सामर्थ्य बघून करायचे यावर चार वर्षं गाडी अडली, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, मग सुप्रीम कोर्ट म्हणालं आता बास, आणि २७ मे २०१२ च्या मध्यरात्री संविधान न देताच सभा विसर्जित झाली. लोक वैतागले, आणि ते वैतागणं मला समजतं.

नोव्हेंबर २०१३ ला दुसरी सभा निवडली. यावेळी नेपाळी काँग्रेस आणि एमाले (तिथला मोठा कम्युनिस्ट पक्ष) पुढे, माओवादी तिसऱ्या नंबरवर, मधेशी पक्षांची ताकद घटलेली. म्हणजे ज्यांना ओळखीवर आधारलेले प्रांत नको होते त्यांच्या हातात आकडे आले. जानेवारी २०१५ ची डेडलाईन जवळ आली तेव्हा मतदानाने उरकायचं की सहमतीने करायचं यावरून सभागृहात खुर्च्या फेकल्या गेल्या, माईक तोडले. तेव्हाही गाडी अडलीच.

आणि मग २५ एप्रिल २०१५ चा भूकंप. जवळपास ९ हजार माणसं गेली, घरं किती पडली त्याला गणती नाही. त्या दुःखात चार मोठे पक्ष एकत्र बसले आणि ८ जूनला सोळा कलमी करार झाला, त्यात आठ प्रांत करायचे, सीमा मागाहून आयोग ठरवेल असं होतं. सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायाधीशांनी अंतरिम आदेश दिला की सीमा न ठरवता संविधान आणता येणार नाही. त्यानंतर सगळं तिकडच्या भाषेत फास्ट ट्रॅकवर गेलं. भूकंपानंतर देश एक व्हावा म्हणून नेते पुढे आले असं तेव्हा म्हटलं गेलं आणि त्यात थोडं खरं असेलही, मी अगदीच नाही म्हणत नाही. पण लोक तंबूत राहत असताना, पावसात, ड्राफ्ट काढला आणि देशभरातल्या लोकांच्या सूचना घ्यायला दिवस किती ठेवले, दोन. २० आणि २१ जुलै. दोन दिवसांत डोंगरातल्या माणसाने ड्राफ्ट मिळवायचा कधी, वाचायचा कधी, बोलायचं कधी. तराईत काही ठिकाणी ते कार्यक्रम उधळले गेले. आमच्याकडे ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आला तरी हरकती घ्यायला याहून जास्त दिवस मिळतात हो, इथे तर देशाचं संविधान होतं.

मग मॅप आला. ८ ऑगस्टला सहा प्रांतांचा. लगेच सुर्खेत आणि जुम्लामध्ये आंदोलन पेटलं की आमचा मध्य पश्चिम भाग तोडू नका, कर्नालीला वेगळा प्रांत द्या. दोन आठवड्यांत नेत्यांनी ऐकलं आणि २१ ऑगस्टला सहाचे सात झाले. चांगलं झालं, कर्नाली हा सगळ्यात मागास भाग, त्यांना मिळायलाच हवं होतं. पण कैलाली आणि कंचनपूरचे थारू पण तेव्हा रस्त्यावर होते, ते म्हणत होते की आम्हाला डोंगरी जिल्ह्यांबरोबर सुदूरपश्चिम प्रांतात टाकू नका, थरुहट, म्हणजे थारूंचा वेगळा प्रांत, द्या, त्यांचं नाही ऐकलं. पूर्वेकडे झापा, मोरंग, सुनसरी हे तीन जिल्हे पण मधेशपासून तोडून पहाडी प्रांताला जोडले ते तसेच राहिले. आता तुम्हीच सांगा, तिथल्या थारू माणसाने यातून काय समजायचं. मॅप बदलू शकतो हे त्याने डोळ्यांनी बघितलं, फक्त आपल्यासाठी बदलत नाही हेही बघितलं.

२४ ऑगस्टला टीकापूर झालं. कैलाली जिल्ह्यातच. जमावाने आठ पोलिसांना मारलं, त्यात वरिष्ठ पोलीस अधीक्षक लक्ष्मण न्यौपाने होते, आणि एका पोलिसाचं तान्हं मूल मारलं गेलं. याला कुठलीही मागणी कारण म्हणून देता येत नाही, मी देणार पण नाही, त्या मुलाचं काय चुकलं होतं. पण दुसऱ्या दिवशी कर्फ्यू असताना टीकापूरमध्ये थारूंची घरं आणि दुकानं निवडून जाळली गेली, तेही खरं आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी एक ओळ लिहिली नाही. आमचा माणूस त्या वर्षी उशिरा आला. गावातले तरुण सीमेपलीकडे लखीमपूरच्या बाजूला पळून गेले होते असं त्याने सांगितलं, पोलीस कुणालाही उचलत होते म्हणाला. त्या प्रकरणातले आरोपी रेशम चौधरी २०१७ ला तिथूनच खासदार म्हणून निवडून आले, नंतर दोषी ठरले आणि २०२३ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना माफी दिली. पोलिसांच्या घरच्यांना ती माफी कशी वाटली असेल आणि तिथल्या थारूंना ती निवडणूक काय सांगायची होती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवायला जमलं पाहिजे.

ऑगस्ट सप्टेंबरच्या त्या आंदोलनात ४० पेक्षा जास्त माणसं गेली, पोलीस धरून. ही माणसं जात असताना मतदानाची तारीख ठरवली गेली. संविधान सभेच्या ज्या समितीचं काम पक्षांमध्ये सहमती घडवणं हे होतं तिचे अध्यक्ष होते माजी पंतप्रधान बाबुराम भट्टराई. संविधान जाहीर झाल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी आपला पक्ष सोडला आणि खासदारकीही सोडली. बाजूने मत देणाऱ्यांत ते होते, पण मधेशी आणि थारू बाहेर राहिले हे त्यांना सलत होतं हे त्यांनी बोलून दाखवलं. सहमती घडवण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याचीच ही अवस्था, त्याला तरी बहुमताचा आकडा पुरला नाही.

२० सप्टेंबरला राष्ट्रपती रामबरण यादवांनी संविधान जाहीर केलं, कपाळाला लावलं. यादव स्वतः धनुषा जिल्ह्यातले, मधेशी. काठमांडूत दिवे लावले, फटाके वाजले, आणि तराईत बऱ्याच ठिकाणी दिवे बंद ठेवून काळा दिवस पाळला. दोन्हीकडचे लोक खरेच होते. ६० हून जास्त वर्षं, म्हणजे १९५१ पासून, संविधान सभेचं संविधान देऊ म्हणून लोकांना सांगितलं जात होतं, ते शेवटी हातात आलं म्हणून काठमांडूत रडणारी माणसं होती, त्यांचा आनंद खोटा नव्हता.

आता आपला भाग. मतदानानंतर, जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी भारताचे परराष्ट्र सचिव काठमांडूला गेले, तोवर सगळं ठरून गेलं होतं. मग सीमेवर ट्रक अडले. नाकाबंदी मधेशी आंदोलकांनी केली असं भारत सरकार म्हणत राहिलं आणि भारताने केली असं नेपाळ सरकार म्हणत राहिलं, पण बिहारच्या सीमेवर रक्सौलला ट्रकांच्या रांगा होत्या, पेट्रोल नाही, गॅस सिलिंडर नाही, औषधं नाहीत, भूकंपात घर गेलेल्यांना तो हिवाळा तसाच काढावा लागला. २०१६ च्या फेब्रुवारीत ते संपलं. मला भारतीय म्हणून स्पष्ट लिहायचंय की मधेशींच्या न्याय्य मागणीचं सगळ्यात जास्त नुकसान या नाकाबंदीने केलं. तोपर्यंत प्रश्न होता की प्रांताची सीमा कुठे असावी, मतदारसंघ कसे असावेत, आणि एका रात्रीत प्रश्न झाला की तू नेपाळच्या बाजूचा की भारताच्या. जो मधेशी शेतकरी आपल्या जिल्ह्याबद्दल बोलत होता तो दिल्लीचा हस्तक ठरला. एमालेच्या ओलींसारख्या नेत्याला त्या राष्ट्रवादावर पुढची निवडणूक मारता आली. तुमच्या पेपरात जे लिहितात की नेपाळने आपलं ऐकलं नाही म्हणून त्यांना धडा मिळाला, त्यांनी कृपया रक्सौलच्या पलीकडे नेपाळातल्या बिरगंजमध्ये तेव्हा काय हाल होते ते कुणाला तरी विचारावं, हाल मधेशींचेच जास्त झाले.

आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तर सीमा आणि प्रांत या विषयावर तोंड उघडताना जास्त समजूतदार असायला हवं. आपली घटना १९५० ला लागू झाली तेव्हा भाषावार प्रांत त्यात नव्हतेच, दार कमिशनने नको म्हटलं होतं, नेहरू, पटेल, पट्टाभि यांच्या कमिटीनेही थांबा म्हटलं होतं. पण घटनेत तिसरं कलम होतं, संसदेने साध्या बहुमताने राज्यांच्या सीमा बदलाव्यात, त्याला घटनादुरुस्ती म्हणायचं नाही. त्यामुळे १०६ हुतात्मे देऊन का होईना पण १ मे १९६० ला महाराष्ट्र होऊ शकला, घटनेच्या चौकटीतच झाला, घटना फेकायला लागली नाही. या लवचिकपणाचे तोटेही आहेत, आंध्रच्या विधानसभेने नको म्हटलं तरी २०१४ ला तेलंगण झालं, केंद्र मनात आणेल ते करू शकतं. पण तक्रार उरली तर ती मिटवायचा रस्ता तरी उघडा राहिला. नेपाळने उलट केलं. घाईघाईत काढलेल्या सीमा संविधानाच्या परिशिष्टात जिल्ह्यांच्या नावासकट घातल्या आणि नंतर त्या बदलायच्या तर संसदेत दोन तृतीयांश मतं आणि वर संबंधित प्रांताच्या विधानसभेची संमती अशी कुलुपं लावली. शांत डोक्याने, सगळ्यांना विचारून सीमा काढल्या असत्या तर अशी कुलुपं शोभली असती. इथे आधी घाई आणि मग कुलूप.

आणि विचारायचं कसं त्याचं उदाहरण आमच्या देवगडहून दोनतीन तासांवर आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात ओपिनियन पोल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे, मुख्यमंत्री, तरी मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. महिनाभर गावागावात सभा, कोकणीत, मराठीत, वर्तमानपत्रांतून भांडणं. सुमारे ३४ हजार मतांनी विलीनीकरण हरलं. मराठी माणूस म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांना त्याचं वाईट वाटलं होतं, ते अजून आठवतात. पण निकाल मान्य झाला, आणि काही महिन्यांनी त्याच गोव्याने त्याच बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. हरलेल्याला आपल्याला नीट विचारलं गेलं असं वाटत असेल तर तो हार पचवतो. नेपाळात झापाच्या किंवा कैलालीच्या माणसाला तू कुठल्या प्रांतात राहणार असं एकदाही मतपेटीतून विचारलं नाही.

बायकांचं पण लिहायलाच हवं, कारण पुरुष मंडळी नेपाळवर लिहिताना ते सोडून देतात. ड्राफ्टमध्ये अट होती की वंशाने नागरिकत्व मिळायला आई आणि वडील दोघंही नेपाळी पाहिजेत. नेपाळी बायका रस्त्यावर आल्या, मग दोघांपैकी एक चालेल असं केलं, पण पुढच्या पोटकलमात काढून घेतलं. नेपाळी पुरुषाने परदेशी बाईशी लग्न केलं तर मुलाला वंशाने नागरिकत्व, नेपाळी बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केलं तर मुलाला अर्ज करून मिळणारं नागरिकत्व, आणि अशा अर्जाने नागरिक झालेल्याला राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश होता येत नाही. भारताच्या सीमेला लागून रोटीबेटी व्यवहार कुणाचे, मधेशींचे. म्हणजे हे कलम काठमांडूत बसून बायकांविरुद्ध लिहिलं आणि त्याचा मार सगळ्यात जास्त पडला मधेशी घरांवर. ज्या सभेत जवळपास ३० टक्के बायका होत्या तिथे हे पास झालं कारण पक्षाचा व्हिप. पुढे नागरिकत्वाच्या कायद्याचं विधेयक २०२२ मध्ये राष्ट्रपती विद्या भंडारींनी सही न करता अडवलं, २०२३ ला नवीन राष्ट्रपती आल्यावर ते लागू झालं, तोपर्यंत लाखो तरुणांकडे कागद नव्हते. कागद नाही म्हणजे बँक खातं नाही, सिमकार्ड नाही, नोकरी नाही.

एवढं सगळं लिहून मी म्हणतोय की हे संविधान फेकू नका, कारण फेका म्हणणाऱ्यांना आत काय काय आहे ते माहीत नाही. ७५३ स्थानिक सरकारं आहेत आज, पूर्वी २० वर्षं स्थानिक निवडणूकच झाली नव्हती. प्रत्येक वॉर्डात दोन बायका निवडून यायलाच हव्यात आणि त्यातली एक दलित. २०१७ ला चौदा हजारांहून जास्त बायका निवडून आल्या. आमच्या माणसाच्या वॉर्डात एक दलित बाई सदस्य आहे, तिच्याकडे जाऊन सही घेता येते, जिल्ह्याच्या साहेबापुढे उभं राहायला लागत नाही असं तो सांगतो. आपल्याकडे पंचायतीत महिला आरक्षण आलं तेव्हा आपणही बघितलंय की पहिल्या पाच वर्षांत लोक हसतात आणि मग हसणं बंद होतं. राजा परत आणला तर यातलं काय राहील. आणि कोऱ्या कागदावर पुन्हा सुरुवात केली तर तो कागद आज कोण लिहिणार, तेच लिहिणार ज्यांच्याकडे आज आवाज आहे, पैसा आहे, मोबाईल आहे. २०१५ ला जे बाहेर राहिले ते पुन्हा बाहेर राहण्याची भीतीच जास्त.

दुरुस्ती झाली नाही असंही नाही. जानेवारी २०१६ मध्ये पहिली दुरुस्ती झाली, मतदारसंघ ठरवताना लोकसंख्येला आधी महत्त्व आणि सरकारी नोकऱ्यांत प्रमाणशीर समावेश. पण ती पण मधेशी पक्ष सभात्याग करून बाहेर असताना पास केली. मग माओवादी नेते प्रचंड हे पंतप्रधान असताना सीमांना हात घालणारं विधेयक आलं, एमालेने रान उठवलं, ते बदललं, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये उरलेलंसुद्धा दोन तृतीयांश मतं नाहीत म्हणून पडलं. वरच्या सभागृहात अजूनही प्रत्येक प्रांताला आठच जागा, मधेश प्रांतात माणसं कितीही असोत आणि कर्नालीत कितीही कमी असोत. हे प्रश्न दहा वर्षं पडून आहेत. सप्टेंबर २०२५ चं आंदोलन भ्रष्टाचार आणि सोशल मीडिया बंदीवरून झालं, सत्तरहून जास्त जीव गेले, सुशीला कार्की पंतप्रधान झाल्या तेही संविधानाच्या चौकटीत नीट न बसणाऱ्या मार्गाने, आणि आता थेट निवडलेला पंतप्रधान हवा, प्रांतच नको अशा मागण्या व्हायला लागल्यात. प्रांतच नको ही मागणी ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. काठमांडूच्या पोराला प्रांत म्हणजे आणखी मंत्री आणि आणखी गाड्या दिसतात, त्याचा राग मला कळतो, पण मधेशातल्या जनकपूरच्या माणसाला तीच एक गोष्ट मिळाली होती.

निवडणूक ५ मार्च २०२६ ला ठरली. आणि नेमका हाच आमचा सीझन, कलमांवर फळ धरलेलं असतं, वानरांची राखण, फवारण्या, मार्चमध्ये काढणी सुरू, एकाही बागेतला नेपाळी माणूस घरी जाऊ शकत नाही, गेला तर त्याची वर्षाची कमाई जाते. बाहेर राहणाऱ्या नेपाळींना मतदानाची सोय करा असं त्यांच्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सरकारला सांगितलं होतं, पण भारतातून मत देता येईल अशी काही व्यवस्था अजून नाही. आखातात आणि मलेशियात काम करणारे वेगळेच. संविधान बदलायचं की ठेवायचं, प्रांत ठेवायचे की काढायचे हे जी संसद ठरवणार तिच्या निवडणुकीत माझ्या मांगरातला माणूस नाही, शेजारच्या बागेतले चौघं नाहीत. तुमचे प्रतिनिधी दरवर्षी पहिली पेटी वाशीला गेली की फोटो काढायला येतात, या वर्षी त्यांना सांगा की येताना बागांमधल्या या लोकांशी पण बोला आणि त्यांना या निवडणुकीबद्दल, त्यांच्या प्रांताबद्दल काय म्हणायचंय ते छापा. ते हिंदी चांगलं बोलतात, बरेचजण मराठीही.

आपला,
एक आंबा बागायतदार
देवगड, जि. सिंधुदुर्ग